तळटीपेतील कोर्लई

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तेथे एका तीरावर रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लई. रायगडच्या किनाऱ्यावरील या एवढ्याशा टापूविषयी जितके लिहिले गेले आहे, तितके कोकणातील फार थोड्या गावांच्या वाट्याला आले असेल. डॉ. जर्सन द कुन्हा यांचे चौल आणि वसईच्या इतिहासावरील पुस्तक १८७६ साली निघाले. कुलाबा व जंजिरा यांचे गॅझेटियर १८८३ साली छापले गेले. कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीतील बोलीवर अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. याशिवाय वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतील लेख आहेत, आणि अलीकडे महाविद्यालयांतून व विद्यापीठांतून सादर होणारे निबंध व प्रबंधही आहेत. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र या लेखनाची शेवटची पाने, म्हणजे संदर्भसूची आणि तळटीपा, क्वचितच कोणी वाचतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या शेवटच्या पानांचीच समीक्षा करू इच्छितो. वृत्तपत्रे आणि संशोधनपर नियतकालिके यांचा आधार कसा घेतला जातो व कसा घेतला जावा, एवढाच आमचा विषय आहे.

विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्यांच्या गावावर आणि घरावर हे प्रबंध लिहिले जातात, त्यांच्या दृष्टीने तो रुक्ष नाही. संदर्भ देणे म्हणजे साक्षीदार उभा करणे. न्यायालयात साक्षीदार काय बोलला एवढेच विचारत नाहीत. तो कोण, त्याने पाहिले की ऐकले, केव्हा आणि कोठून पाहिले, हेही विचारतात. तळटीप याच प्रश्नांची उत्तरे देते: कोणी लिहिले, कोठे छापले, केव्हा छापले, आणि आपण ते कोणत्या पानावर वाचले. ही उत्तरे चुकली तर विधान खरे असूनही निराधार ठरते. आणि उत्तरे नीटनेटकी असली तर खोटे विधानही विद्वत्तेचे वस्त्र पांघरून फिरू लागते. हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे.

कोर्लईचेच उदाहरण घेऊ. ‘पोर्तुगीज बोलणारे गाव’ अशा आशयाचे मथळे वृत्तपत्रांतून पुनःपुन्हा येतात. या मथळ्यात दोन चुका आहेत. पहिली अशी की, कोर्लई हे अनेक समाजांचे गाव असून ही बोली तेथील ख्रिस्ती समाजाची आहे, सबंध गावाची नव्हे. दुसरी अशी की, ही बोली म्हणजे पोर्तुगीज भाषा नव्हे. पोर्तुगीज शब्दसंग्रहावर उभी राहिलेली, पण शतकानुशतके मराठीच्या शेजारात वाढलेली ती एक स्वतंत्र क्रिओल भाषा आहे. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. क्लेमेंट्स यांनी १९९० साली ‘लँग्वेज व्हेरिएशन अँड चेंज’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात लिहिलेल्या लेखाचा विषयच मुळी हा आहे की, या बोलीतील वाक्यरचना पोर्तुगीज वळण सोडून क्रियापद शेवटी ठेवण्याच्या, म्हणजे मराठीच्या, वळणाकडे कशी सरकत आहे. आता जो विद्यार्थी केवळ मथळ्याचा आधार घेऊन ‘कोर्लईचे ग्रामस्थ पोर्तुगीज बोलतात’ असे लिहितो, त्याची तळटीप नियमानुसार निर्दोष असू शकते. वृत्तपत्राचे नाव, तारीख, पृष्ठ, सारे बरोबर. तरीही त्याने गावाविषयी खोटी साक्ष दिलेली असते. मथळे बहुधा बातमीदार लिहीत नाही, कार्यालयातील उपसंपादक लिहितो, एवढे व्यवहारज्ञान ठेवले तरी हा दोष टळेल. मथळा हा पुरावा नव्हे. पुरावा असलाच तर तो मथळ्याखालील मजकुरात असतो.

संख्येच्या बाबतीत हीच तऱ्हा आहे. ही बोली बोलणारे किती, याचे आकडे छापील लेखनात सातशेपासून हजारापर्यंत आढळतात. त्यांतील कोणताही आकडा मुद्दाम खोटा सांगितलेला नसेल. परंतु तो कोणत्या वर्षाचा, कोणी मोजला, बोलणारे मोजले की ख्रिस्ती कुटुंबांतील सारी माणसे मोजली, हे न सांगता एका लेखातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून प्रबंधात तो उचलला गेला, म्हणजे त्याला अर्थ उरत नाही. वर्षाशिवाय आकडा म्हणजे तारखेशिवाय बाप्तिस्म्याचा दाखला. लहान समाजाच्या बाबतीत शंभर-दोनशेंचा फरक ही किरकोळ गोष्ट नसते. भाषा टिकून आहे की मावळत आहे, याचा निर्णय त्या फरकावर होत असतो.

येथे एका मूलभूत भेदाकडे लक्ष वेधले पाहिजे. वृत्तपत्र हे काही गोष्टींचे प्रत्यक्ष साधन असते आणि काही गोष्टींचे नसते. एखाद्या वर्षी माउंट कार्मेल चर्चच्या सणाला काय झाले, याची त्याच आठवड्यातील बातमी हे त्या घटनेचे समकालीन साधन होय. परंतु त्याच बातमीत ओघाने आलेले ‘पोर्तुगीजांनी कोर्लईचा डोंगर १५९४ साली जिंकला’ हे वाक्य १५९४ चे साधन नव्हे. ते बातमीदाराने कोठून तरी घेतलेले असते, आणि संशोधकाने त्या ‘कोठून’पर्यंत गेले पाहिजे. पुरवणीतील लेख, अग्रलेख, वाचकांचे पत्र आणि बातमी हे चार निराळे प्रकार आहेत. चौघांची साक्ष चार प्रकारची असते. अग्रलेखावरून पत्राचे मत कळते, वाचकांच्या पत्रावरून एका नागरिकाची तक्रार कळते. दोन्ही मोलाची, पण दोन्हींवरून घटना सिद्ध होत नाही. म्हणूनच संदर्भात केवळ वृत्तपत्राचे नाव व तारीख न देता ‘अग्रलेख’, ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ असा प्रकारही नोंदवावा, असा आमचा आग्रह आहे.

आपल्या किनाऱ्याच्या अभ्यासकाला नावांचे काही खास सापळे टाळावे लागतात. या जिल्ह्याचे नाव १९८१ सालापर्यंत ‘कुलाबा’ होते. त्यापूर्वीच्या अंकांत ‘रायगड’ शोधणाऱ्याला शिवछत्रपतींचा किल्ला सापडेल, जिल्हा सापडणार नाही. उलट, जुन्या इंग्रजी पत्रांतील ‘कोलाबा’ म्हणजे अलिबागचा जिल्हा की मुंबई बेटाचे दक्षिण टोक, हे मजकूर वाचल्यावाचून ठरत नाही. पोर्तुगीज लेखनातील ‘चौल’चेही तसेच. पोर्तुगीजांचे तटबंदीचे शहर आजच्या रेवदंड्यात होते. आज आपण चौल म्हणतो ते त्यांचे ‘वरचे चौल’. हा फरक लक्षात न घेता जुना उतारा उद्धृत केला, तर एका गावची चर्चे दुसऱ्या गावी उभी राहतात.

नियतकालिकांची नावेही बदलतात. आजचा ‘टाइम्स ऑफ इंडिया’ ३ नोव्हेंबर १८३८ रोजी ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ या नावाने निघाला; ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हे नाव त्याने १८६१ साली धारण केले. ‘टाइम्स ऑफ इंडिया, १८५०’ असा संदर्भ दिसला की लेखकाने मूळ अंक पाहिलेला नाही, असा संशय घेण्यास जागा आहे. मुंबईच्या कॅथलिक समाजाचे ‘एक्झामिनर’ हे साप्ताहिकही १८५० साली ‘बॉम्बे कॅथलिक एक्झामिनर’ या नावाने सुरू झाले. नियम साधा आहे: अंकाच्या माथ्यावर त्या दिवशी जे नाव छापलेले असेल, तेच द्यावे.

नियतकालिकाचे आयुष्य केव्हा सुरू झाले व केव्हा संपले, हे माहीत असणे किती आवश्यक आहे, याची दोन उदाहरणे आपल्याच जिल्ह्यात आहेत. अलिबागजवळील चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ साली सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. त्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले ते १९३७ साली. अर्थात संपाच्या पहिल्या वर्षांविषयी ‘कृषीवल’मध्ये जे सापडेल, ती त्या वेळची बातमी नव्हे, मागाहून सांगितलेली आठवण होय, शिवाय ती संपाच्या एका पक्षाची आठवण होय. तिचे मोल आहेच, पण ते वेगळ्या जातीचे आहे. दुसरे उदाहरण महाडचे. चवदार तळ्याची परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी झाली, डॉ. आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी निघाले, आणि त्यांचे पूर्वीचे ‘मूकनायक’ तोवर बंद पडले होते. तेव्हा त्या दोन दिवसांच्या घटनेचा वृत्तांत ‘मूकनायक’च्या नावावर घालणारी तळटीप अशक्य गोष्ट सांगत असते. या दोन्ही चुका पकडण्यास ग्रंथालयात जाण्याचीही गरज नाही. दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की पुरते.

लेखकाच्या नावाविषयी मराठी अभ्यासकांनी अधिक दक्ष राहावयास हवे. जुन्या मराठी पत्रांतील बहुतेक मजकुरावर नाव नसे. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला, आणि १८८७ पर्यंत त्याचे संपादक आगरकर होते. त्या काळातील अग्रलेख सरसकट टिळकांच्या नावावर खपविणे हा अन्याय आहे, आणि तो दोघांवरही आहे. नाव छापलेले नसेल तर ते आपण घालू नये. पत्राचे नाव, अग्रलेखाचे शीर्षक व तारीख द्यावी. उदाहरणार्थ, ‘देशाचे दुर्दैव’, अग्रलेख, केसरी, १२ मे १९०८. हा संदर्भ लहान आहे, पण पुरा आहे. याच लेखावरून व ९ जूनच्या अग्रलेखावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, २२ जुलै १९०८ रोजी शिक्षा झाली, आणि त्या खटल्यात टिळकांचा एक मोठा आक्षेप असा होता की, सरकारी भाषांतरकाराने मराठी शब्दांना भलतेच इंग्रजी अर्थ चिकटविले आहेत. मराठी मजकुराचा इंग्रजी अनुवाद पाहून पुन्हा त्याचे मराठी करणाऱ्या संशोधकाने हे उदाहरण नेहमी डोळ्यांसमोर ठेवावे. मूळ मराठी अंक उपलब्ध असता अनुवादाचा अनुवाद उद्धृत करणे हे अक्षम्य होय.

आता संशोधनपर नियतकालिकांकडे वळू. येथे वर्ष आणि तारीख पुरत नाही. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, वर्ष व पृष्ठे ही सात अंगे लागतात, आणि ती का लागतात हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. ग्रंथालयातील कपाटात नियतकालिके खंडवार बांधलेली असतात. खंड चुकला की वाचक भलत्याच पुस्तकापाशी पोहोचतो. पुष्कळदा खंडावरील वर्ष आणि प्रत्यक्ष छपाईचे वर्षही निराळे असते. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न नियतकालिकाच्या पात्रतेचा आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके वाढली, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके काढून टाकली. २०१९ साली ‘केअर’ नावाची नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपविण्यात आली. यावरून एक बोध घ्यावा: यादी बदलते, वाचणाऱ्याची जबाबदारी बदलत नाही. नियतकालिक मान्यताप्राप्त होते एवढ्याने त्यातील लेख खरा ठरत नाही.

आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला क्षम्य मानले आहे, आणि तेव्हापासून प्रबंध संगणकातून तपासून घेण्याची वहिवाट पडली आहे. ती चांगलीच आहे. परंतु संगणक शब्दांचे साम्य मोजतो. तळटीपेत सांगितलेल्या पानावर ते विधान खरोखर आहे का, हे तो पाहत नाही. ज्याने एक शब्दही चोरला नाही, पण न वाचलेल्या दहा ग्रंथांची नावे सूचीत घातली, तो या चाळणीतून सहीसलामत सुटतो. आमच्या मते हा दुसरा अपराध पहिल्याहून लहान नाही.

न वाचलेल्या ग्रंथांविषयी आणखी थोडे. गोव्याचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गादो हे धर्मगुरू आणि थोर भाषापंडित होते. उत्तर प्रांतातील, म्हणजे वसईपासून चौलपर्यंतच्या जुन्या पोर्तुगीज मुलखातील, बोलीवरचा त्यांचा प्रदीर्घ लेख १९०६ साली लिस्बनच्या ‘रेविस्ता लुझिताना’ या नियतकालिकात आला. तो पोर्तुगीज भाषेत आहे. आपल्याकडील फार थोड्या विद्यार्थ्यांना ती भाषा येते, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. परंतु इंग्रजी ग्रंथातील उल्लेखावरून ‘दाल्गादो, १९०६’ अशी तळटीप देणे म्हणजे आपण न भेटलेल्या साक्षीदाराला भेटलो असे सांगणे होय. ‘अमुक ग्रंथात उल्लेखिल्याप्रमाणे’ असे चार शब्द घातले की काम प्रामाणिक होते. त्या चार शब्दांनी प्रबंधाची प्रतिष्ठा घटत नाही, वाढते.

संदर्भ लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. एपीए, एमएलए, शिकागो ही त्यांतील परिचित नावे. कोणती पाळावी हे महाविद्यालयाने ठरवावे. एकदा धरलेली शेवटपर्यंत पाळावी, हे महत्त्वाचे. त्यांच्यातील भेदांतही शिकण्यासारखे असते. शिकागो पद्धतीत वृत्तपत्राचा पृष्ठक्रमांक सहसा देत नाहीत, कारण एकाच दिवशीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत तोच मजकूर निरनिराळ्या पानांवर असू शकतो. एपीए पद्धती छापील अंकाचे पृष्ठ मागते. मराठी दैनिकांना हा विचार पुरेपूर लागू पडतो. त्यांच्या जिल्हा आवृत्त्या निघतात, आणि अलिबागची बातमी रायगडच्या पानावर असते ती मुंबई किंवा पुणे आवृत्तीत मुळीच नसते. म्हणून मराठी दैनिकाच्या संदर्भात आवृत्ती व पुरवणी यांची नोंद अवश्य हवी. बातमी संकेतस्थळावर वाचली असेल, तर संपूर्ण पत्त्यासह ती केव्हा पाहिली ही तारीखही द्यावी. संकेतस्थळावरील मजकूर मागाहून दुरुस्त होतो, कधी नाहीसाही होतो. छापील अंक पाहिलेला नसताना छापील पृष्ठाचा आव आणू नये.

यावर कोणी म्हणेल की, हा अतिरेक झाला. मुरूड किंवा रोह्याच्या विद्यार्थ्याला जुने अंक कोठे मिळणार? ही अडचण खरी आहे, आणि आम्ही ती लहान मानीत नाही. जुन्या अंकांसाठी त्याला बहुधा मुंबई गाठावी लागते: एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, राज्य पुराभिलेखागार, किंवा सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली स्थापन केलेली इतिहास संशोधन संस्था. प्रवासखर्च आणि वेळ दोन्ही सर्वांना परवडत नाहीत. परंतु आम्ही श्रीमंत तळटीप मागत नाही, खरी तळटीप मागतो. ‘मूळ अंक पाहावयास मिळाला नाही; कात्रणावरून’ असे लिहिणारा विद्यार्थी गरीब असेल, पण तो प्रामाणिक साक्षीदार आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हापासून अस्सल कागदाचा आग्रह ही मराठी संशोधनाची शान आहे. बखरीपेक्षा अस्सल पत्र विश्वसनीय, हे आपण मानले. तोच कस आता छापील बातमीलाही लावावयास हवा.

या कामात आपल्या कुटुंबांचाही वाटा आहे. घरोघरी ट्रंकेत, प्रार्थनापुस्तकात, फोटोंच्या आल्बममध्ये कात्रणे जपलेली असतात: कोणाच्या धर्मगुरूदीक्षेची बातमी, कोणाच्या निधनाची, चर्चच्या जीर्णोद्धाराची. ती कापताना कात्रीने बहुधा पत्राचे नाव आणि तारीख यांवरच घाव घातलेला असतो. मजकूर उरतो, साक्ष जाते. कात्रण चिकटविताना शेजारी नाव, तारीख व पान लिहून ठेवावे. १९०३ साली सुरू झालेल्या ‘निरोप्या’चे किंवा १९५५ साली वसईत निघालेल्या ‘सुवार्ता’चे जुने अंक कोणाकडे असतील, तर ते रद्दीत न घालता चर्चच्या ग्रंथालयात द्यावेत. आणि एखादा विद्यार्थी दारी आला, तर त्याला माहिती देताना आपणही दोन प्रश्न विचारावेत: आमच्याविषयी हे आधी कोठे वाचलेत, आणि आम्ही सांगितलेले आमच्या नावे, तारखेनिशी नोंदवाल ना?

पोर्तुगीज सत्ता चौलमधून १७४० साली गेली. त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे कोर्लईची बोली तोंडातून तोंडात आली. तिने स्वतः लिहून ठेवलेले फार थोडे आहे. तिच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी बाहेरच्यांनी, इंग्रजीत, पोर्तुगीजमध्ये आणि वृत्तपत्रांच्या घाईच्या मराठीत. अशा समाजाला आपली बाजू सांगण्यासाठी स्वतःचे दप्तर नसते. दुसऱ्यांच्या दप्तरात आपले नाव बरोबर लिहिले गेले आहे ना, एवढेच त्याला पाहता येते. मोठ्या शहराविषयीची एखादी चुकीची तळटीप इतर शंभर तळटिपा दुरुस्त करतात. कोर्लईविषयीच्या चुकीच्या तळटिपेला दुरुस्त करणारे कोणी नसते. पुढचा अभ्यासक तिच्यावरच घर बांधतो. म्हणून ज्या विद्यापीठीय मार्गदर्शकांच्या हाताखालून असे प्रबंध जातात, त्यांनी शेवटची पाने आधी वाचावीत, त्यांतील निदान दहा संदर्भ स्वतः काढून पाहावेत, आणि मगच सही करावी, एवढी आमची विनंती आहे.